निळ्या झाकणाची कुपी

२ मार्च, सोमवार

पुन्हा अर्धी!

कोऱ्या नमुन्याची रेघ आज पुन्हा अर्ध्यावर जाऊन थांबली. अकराव्यांदा. कोरा म्हणजे निरोगी माणसाचा डीएनए. आपण शोधतो तो बिघाड त्यात नाही, म्हणून चिपवर काही अडकायचं कारण नाही, म्हणून रेघेने तळाशी सपाट पडून राहायला हवं. ती राहत नाही. निम्म्यापर्यंत चढते आणि तिथे ठाण मांडून बसते. चिप धुतली, मिठाचं पाणी बदललं, तापमान दोन अंशांनी वाढवलं. आता माझं डोकं बदलायचं तेवढं राहिलंय.

"बिनरंगी, हट्ट सोड, रंग लाव," काजवा म्हणाला. पलीकडच्या टेबलावर त्याचं राज्य. डीएनएच्या तुकड्याला चमकणारा रंग लावायचा, जोडी जुळली की ठिपका उजळतो, बघायला आलेले पाहुणे खूश — म्हणून तो काजवा. माझ्या चिपला रंग नाही, लेबल नाही. नखाएवढी काच, तिच्यावर सोन्याचा पातळ थर, थरावर डीएनएच्या खुंट्या. जुळणारा तुकडा खुंटीला अडकला की सोन्यावरून परतणारा प्रकाश किंचित सरकतो आणि पडद्यावरची रेघ चढते. झालं. सात वर्षांची मेहनत, आणि दाखवायला एक रेघ!

४ मार्च, बुधवार

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी बोलावलं. २७ तारखेला समिती येणार. आरोग्य केंद्रांसाठी जे छोटं यंत्र करायचंय त्यात दोनपैकी एकच पद्धत जाईल. रंगाची किंवा बिनरंगाची.

खरं तर काम दोघांचं एकच. थॅलसेमिया, आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. मुलाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती, आईकडची आणि बापाकडची, बिघडलेल्या असल्या की त्याला दर तीन आठवड्यांनी बाहेरून रक्त चढवावं लागतं. एकच प्रत बिघडलेली असेल तर तो नुसता वाहक. त्याला सहसा पत्ताही लागत नाही. पण नवराबायको दोघेही वाहक निघाले तर प्रत्येक मुलामागे चारांत एक धोका. असे वाहक वेळीच ओळखायचे, एवढ्यासाठी ही सगळी यातायात. आजारी मुलाची रेघ पूर्ण, वाहकाची अर्धी, निरोगी माणसाची शून्य — असं व्हायला हवं. माझ्याकडे आजारी पूर्ण, वाहक अर्धा, आणि निरोगीही अर्धा!

"मग तुझी चिप वाहक ओळखते असं म्हणायचं कसं?" मॅडम म्हणाल्या. रागावल्या असत्या तर परवडलं असतं. त्यांनी अगदी मायेने विचारलं.

काजव्याचं उलट आहे. त्याच्याकडे वाहकही शून्य आणि निरोगीही शून्य. पण त्याला कुणी बोलत नाही. "रंग जरा मंद पडतोय, वाढवू." रंग वाढवता येतो म्हणे. माझ्या रेघेचं काय वाढवणार?

५ मार्च

हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक आठ. आईला सांगितलं तर तिने असा चेहरा केला की जणू मी परीक्षेत नापास झालेय. पंधराव्या वर्षापासून लोहाच्या गोळ्या खातेय. डबा आजपासून तीन कप्प्यांचा!

९ मार्च, सोमवार

लहान मुलांच्या वॉर्डातल्या सिस्टर आज स्वतःच नमुने घेऊन आल्या. बर्फाचा डबा टेबलावर ठेवला आणि काजव्याच्या गेल्या खेपेच्या यादीवर बोट आपटलं.

"आई शून्य, बाप शून्य. मग पोरीला हे आलं कुठून? शेजारून?"

काजवा रंग मंद असल्याचं सांगू लागला. सिस्टरना तीस वर्षांत असले बरेच रंग दिसलेले आहेत. "तुमचा रंग तुमच्याजवळ," म्हणाल्या आणि रिकामा डबा घेऊन निघाल्या. बरं आहे, आमचे आकडे अजून आमच्या वहीतच राहतात, रुग्णांच्या हाती पडत नाहीत.

त्यांच्याबरोबर वॉर्डात गेले, सहीचे कागद आणायला. चौथ्या खाटेवरची मुलगी रक्त चढत असताना मांडीवर कागद घेऊन मांजर काढत होती. तिच्या आईने मला कोपऱ्यात घेतलं. हळू आवाजात विचारलं, "ताई, पोटात असताना माझंच काही कमी पडलं का हो? घरचे म्हणतात." मी म्हटलं, नाही हो, तसं नसतं. पण पुराव्याला माझ्याकडे एक अर्धी रेघ, तीही सगळ्यांना सारखीच मिळणारी.

घरी जेवताना हे सांगितलं. आई ताट तसंच ठेवून आत गेली. मीच मूर्ख. माझ्या आधी एक भाऊ झाला होता, अडीच वर्षांचा होऊन तापाने गेला — एवढंच मला माहीत आहे. घरात त्याचा फोटो नाही, विषय नाही. लहान मुलांच्या दवाखान्याचं काही आईसमोर काढायचं नाही हे तेहतीस वर्षांत मला कळायला हवं होतं.

१० मार्च

पाण्याची रेघ: शून्य. माशाच्या डीएनएची रेघ: शून्य. कोऱ्या नमुन्याची: अर्धी. म्हणजे चिपला मासा नको, माणूसच हवा! काजवा म्हणाला, "शाकाहारी दिसत्येय." मला हसू आलं नाही. नंतर बसमध्ये आलं.

१२ मार्च, गुरुवार

निळ्या झाकणाची कुपी संपली. शीतपेटीतल्या मोठ्या साठ्यातून नवी भरली.

ही कुपी म्हणजे आमचा कोरा नमुना आणि ती कुपी म्हणजे मी. इथली रीतच आहे. नव्याने रुजू होणाऱ्याने कोऱ्या नमुन्यासाठी रक्त द्यायचं. बाहेरच्या कुणाचं घ्यायचं तर परवानगीचे कागद महिनोन्महिने फिरतात. त्यामुळे सात वर्षांपूर्वी मी दिलं, त्यानंतर कुणी रुजूच झालं नाही, आणि साठा एवढा मोठा केलेला की अजून पुरतोय. तेव्हा एक अर्ज भरला होता. घरात कुणाला रक्ताचा आजार? मी व्हरांड्यातून आईला फोन केला. "आपल्याकडे तसलं काही नाही," म्हणाली आणि फोन ठेवला. मी 'नाही'वर खूण केली. त्या दिवसापासून ही प्रयोगशाळा मला निरोगी धरून चालते. काजवा तर माझीच चमक सगळ्यांच्या चमकेतून वजा करतो. त्याचा सुटा रंग कितीही धुतला तरी थोडा मागे राहून चमकतोच, म्हणून कोऱ्या नमुन्याची चमक वजा केल्याशिवाय त्याचा आकडा निघत नाही.

"सगळ्यांतून तुला वजा करतो, राग मानू नकोस," असं तो दर वाढदिवसाला म्हणतो.

पंधरा दिवस उरले.

१५ मार्च, रविवार

बाबांशी बोलले. बाबा चौतीस वर्षं वीज कंपनीत मीटर वाचत होते. त्यांना सोनं-प्रकाश-खुंट्या काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की मीटर चुकीचा आकडा दाखवतंय आणि दुरुस्त होत नाही.

बाबांनी चष्मा पुसला. म्हणाले, लोक रोज तक्रार करायचे की आमचं मीटर बिघडलंय, घरात काही चालू नसताना फिरतं. चौतीस वर्षांत खरोखर बिघडलेली मीटरं त्यांनी चार की पाच पाहिली. बाकी प्रत्येक घरात कुठेतरी काहीतरी चालू होतं. गच्चीवरचा दिवा, शेजाऱ्याने घेतलेली तार, माळ्यावर विसरलेला पंखा.

"तू मीटर उघडून बसलीयेस. घर बघितलंस का?"

घर म्हणजे कुपी! मी चिप शंभर वेळा धुतली, कुपीकडे एकदाही संशयाने पाहिलं नाही. सात वर्षांत किती हात लागले असतील तिला. कुणाची तरी नळी चुकून त्यात बुडली असेल, एखाद्या आजारी मुलाचा थेंब पडला असेल. बाबांना मिठी मारली. ते गोंधळले. म्हणाले, चहा टाकतेस का मग.

१६ मार्च, सोमवार

मॅडमना सांगितलं — कोरा नमुना खराब झालाय अशी शंका आहे, नवा करू द्या. त्यांनी जुनी फाइल काढली. स्वखुशीने देणाऱ्या कर्मचाऱ्यांचं रक्त घ्यायची परवानगी अजून चालू होती! आम्ही तिच्यावर सात वर्षं बसून होतो. काजव्याने बाही वर केली. सुई बघितल्यावर मात्र भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला.

१७ मार्च, मंगळवार

शून्य!

काजव्याची रेघ तळाशी सपाट. तीनदा घेतली, तिन्ही वेळा सपाट. मी खुर्चीतून उठून त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की त्याचा चष्मा घसरला. माझी चिप बरोबर आहे. माझी चिप बरोबर आहे! मॅडम येऊन रेघ बघून गेल्या, जाताना माझ्या टेबलावर त्यांच्या डब्यातलं सफरचंद ठेवून गेल्या.

जुनी कुपी टाकून द्यायची. उद्या रीतीप्रमाणे माझंही ताजं रक्त घेते, दोन नवे कोरे नमुने असलेले बरे.

१८ मार्च, बुधवार

माझ्या ताज्या रक्ताची रेघ अर्धी.

नळ्या नव्या, पाणी नवं, हातमोजे नवे. घाईत काहीतरी मिसळलं असणार. उद्या परत.

१९ मार्च, गुरुवार

आज मॅडम, काजवा, हिशेबनीस, झाडणारी मावशी आणि मी — सगळ्यांचं रक्त एकाच हाताने, एकाच वेळी. चिठ्ठ्या काजव्याने उलट्या करून ठेवल्या, कुणाचं कोणतं ते मला माहीत नव्हतं. चार रेघा शून्य. एक अर्धी.

काजव्याने त्या अर्ध्या रेघेची चिठ्ठी उलटली आणि माझ्याकडे न बघता टेबलावर ठेवली.

कुपी खराब नव्हती. चिप खराब नव्हती. मी वाहक आहे.

लिहून बघितलं. राग आला, स्वतःचाच. सात वर्षं मी वाहकाच्या व्याख्या लोकांना समजावून सांगतेय. वाहकाचं हिमोग्लोबिन थोडं कमी असतं, लोहाच्या गोळ्यांनी वाढत नाही, हे मी स्वतः माहितीपत्रकात लिहिलंय. आणि स्वतः मात्र अठरा वर्षं गोळ्या गिळतेय, कारण आई म्हणते मी नीट जेवत नाही! माझी चिप बिचारी गेले कित्येक महिने मला खरं सांगत होती आणि मी तिलाच धूत बसले.

२० मार्च, शुक्रवार

आपले आकडे कुठे चुकले ते काजव्याने काल संध्याकाळीच ओळखलं होतं. सकाळी आले तर तो जुने आकडे काढून बसलेला. माझी चमक म्हणजे वाहकाची चमक. ती प्रत्येकातून वजा केली की वाहकाचं शून्य होणारच. आणि खऱ्या निरोगी माणसाचं शून्याखाली जायला हवं, पण त्याचं मशीन उणे आकडा दाखवतच नाही, तिथेही शून्यच दाखवतं. त्यामुळे सगळे एका माळेत. आता त्याने माझ्याऐवजी स्वतःला वजा केलं. वॉर्डातल्या मुलांचे आईबाप एकेक करून उजळले. सगळे अर्धे. रंग कधी मंद नव्हताच.

चौथ्या खाटेवरच्या मुलीची आई अर्धी, बाप अर्धा. दोघं अगदी सारखे.

त्याचा एक लेख छापून आलाय याच आकड्यांवर. मी म्हटलं, चूक माझ्या रक्ताची. तो म्हणाला, "रक्ताची कसली चूक? तपासलं नाही ही आपली." मागे घेण्याचं पत्र त्याने स्वतः लिहिलं. मी फक्त शेजारी बसले. दुपारी दोघे मिळून मॅडमकडे गेलो. त्या एवढंच म्हणाल्या की हे समितीला पहिल्या पानावर सांगायचं, शेवटच्या नाही.

घरी काही बोलले नाही. बोलायचं कसं? दोघांपैकी कुणाकडून तरी मला हे आलंय. आईला वाटेल, मी पुन्हा नापास झाले.

२३ मार्च

गोळ्या बंद केल्या. डॉक्टर म्हणाले, लोह साठतंय उगाच. गोळ्यांची बाटली अजून ओट्यावर आहे. आई रोज सकाळी ती माझ्या कपाशेजारी आणून ठेवते, मी रोज उचलून परत ठेवते.

२७ मार्च, शुक्रवार

समिती आली. सहाजण, त्यातले दोघे सतत घड्याळ बघणारे. मी पहिल्याच पानावर लिहिलं होतं: आमचा कोरा नमुना कोरा नव्हता, तो माझा होता. घड्याळ बघणाऱ्यांनी मान वर केली.

एक वयस्क गृहस्थ म्हणाले की यंत्राने स्वतःच्या मालकिणीला पकडलं, याहून चांगली चाचणी कोणती? दुसऱ्या बाईंनी तासभर उलटतपासणी घेतली. दोन ठिकाणी मला उत्तर आलं नाही, तसं सांगितलं. शेवटी निकाल: यंत्रात चिप जाणार! एक वर्ष, दोन आरोग्य केंद्रं, आणि प्रत्येक अर्धी रेघ काजव्याच्या रंगाने परत पडताळायची. काजवा हुश्श करून खाली बसला. सिस्टरना फोन केला, तर म्हणाल्या, उशिरा का होईना, शेजाऱ्यांवरचा आळ गेला. चौथ्या खाटेच्या आईबापांची हॉस्पिटलातली रीतसर तपासणी त्या पुढच्या आठवड्यात करून घेणार आहेत. तेव्हा मीही जाणार. दोघांना एकत्र बसवून सांगणार.

मावशीने विचारलं, मग आता निळं झाकण कुणाचं? काजव्याने हात वर केला. सुई नको, म्हणाला, पण हा मान चालेल.

२८ मार्च, शनिवार

आज सांगितलं. आईबाबा दोघं समोर. मी वाहक आहे, मला काही होणार नाही, फक्त लग्न ठरलं तर समोरच्याचं रक्त आधी तपासायचं, बास. तुम्हा दोघांतल्या कुणाकडून आलं ते कळलं तर बरं, म्हणून तुमचं रक्त हवंय.

बाबांनी लगेच हात पुढे केला. आई उठली, खिडकी लावली, परत उघडली. मग पाठमोरीच बोलायला लागली.

भावाला ताप नव्हता म्हणे. तो हळूहळू पांढरा पडत गेला. हातपाय काड्या आणि पोट मोठं, म्हणून लाडाने त्याला ढब्बू म्हणायचे. दोनदा रक्त चढवलं, टवटवीत झाला, पुन्हा पांढरा पडला. नाव कुणी सांगितलं नाही त्या आजाराचं. तिच्या सासूबाईंनी, म्हणजे माझ्या आजीने, सांगितलं: आईच्या दुधात कस नाही. सगळ्यांसमोर. त्या गेल्या तरी ते वाक्य घरात राहिलं. मी झाले तेव्हा आईने ठरवलं की या मुलीला काही कमी पडू द्यायचं नाही. आणि मी फोन करून विचारलं, घरात रक्ताचा आजार आहे का, तेव्हा तिला वाटलं, आता मुलगीही तेच विचारतेय. म्हणून नाही म्हणाली.

मी तिच्या तीन कप्प्यांच्या डब्यांना किती हसलेय!

आई म्हणाली, "माझं नको तपासूस." मी म्हटलं, बरं. बाबांचं घेतलं.

३० मार्च, सोमवार

सकाळी बूट घालत होते. आई येऊन शेजारच्या खुर्चीत बसली आणि बाही वर केली.

४ एप्रिल, शनिवार

बाबा अर्धे. आई अर्धी. काजव्याचा रंग तेच म्हणतो, हॉस्पिटलची तपासणीही तेच म्हणते. दोन्ही रेघा एकाच कागदावर छापून घरी आणल्या. सांगितलं, ढब्बूला दोघांची बिघडलेली प्रत मिळाली असणार. आज त्याचं रक्त नाही, म्हणून शपथेवर नाही सांगता येत. पण पांढरा पडणं, पोट, रक्त चढवल्यावर टवटवीत होणं — वॉर्डात मी हे रोज बघते. दुधाने हे होत नाही आणि दुधाने टळतही नाही.

आईने कागद हातात घेतला, दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं. बाबांची कुठली आणि तिची कुठली, विचारलं. एकीवर एक ठेवली तर ओळखू येत नाहीत, मी म्हटलं.

मग कपाटातल्या साड्यांखालून तिने फोटो काढला. पोट पुढे काढून हसणारा, हातात पेला, ओठांवर दुधाची मिशी.

"किती आवडीने प्यायचा," आई म्हणाली.